खिळ्यावरची रोटी

मी एक जुनी, चावलेली रोटी आहे. मित्रांनो, हसू नका. आमच्या ताजिक गावांमध्ये मुलगा दूरदेशी निघाला की तंदुरातून काढलेल्या ताज्या रोटीचा एक घास तोडतो आणि उरलेली रोटी आई दोऱ्याने भिंतीवरच्या खिळ्याला टांगते. तो परत आला की उरलेली संपवायची. तोवर तिला कुणी हात लावत नाही.

ओयजमालने मला भल्या सकाळी भाजलं. तिचा मुलगा इस्मतुल्लो रशियात इमारतींच्या कामावर निघाला होता. घाईत त्याने मोठा घास घेतला. "हळू खा रे, अर्धी तूच संपवलीस तर मी टांगू काय?" ओयजमाल म्हणाली. तो तोंड भरलेलं असतानाच हसला आणि गेला. माझ्या कडेला त्याचे दात उमटले होते.

पहिल्या वर्षी सगळे माझं कौतुक करत. दर शुक्रवारी त्याचा फोन येई आणि बोलताना ओयजमाल माझ्याकडे बघत राही. मी दगडासारखी कडक झाले होते, तरी मला मान होता. मग मागच्या पानगळीत फोन बंद झाला. त्याच्याबरोबरच्या पोरांनाही त्याचा पत्ता लागेना. तेव्हापासून मला भीती वाटू लागली. उंदीर खुडबुडला की मी घाबरे. दमट हवेची भीती, मुंग्यांची भीती. मला काही झालं तर तिकडे त्याला काही होईल, असं मला वाटे. त्याचा जीव माझ्या दोऱ्याला टांगला आहे, असं मी धरून चालले होते. ओयजमालही तेच धरून चालली होती.

वसंतात बर्फ वितळलं आणि नदी फुगली. तिने आधी जर्दाळूची झाडं नेली, मग शेजाऱ्यांचा गोठा. गाव वरच्या टेकडीवर हललं. आमचं घर तेवढं राहिलं. ओयजमाल दिवसभर नमाजाच्या चटईवर बसून असे आणि तिची धाकटी मुलगी निगीना खिडकीतून पाणी बघत असे. भिंतीची माती माझ्यावर झडू लागली.

एका दुपारी ओयजमालचा दीर रजब ट्रक घेऊन आला.

"वहिनी, चला. सामान मी भरतो."

"तो आल्याशिवाय रोटी उतरवायची नसते, भावजी."

"अहो, भिंतच पडली तर रोटी काय हवेत राहणार आहे?"

"मग खुदाची मर्जी."

"वा! भिंत पाडायची मर्जी त्याची, आणि ट्रक पाठवायची माझी एकट्याची?"

ओयजमाल चटईवरून हलली नाही. निगीना मुकाट्याने येऊन तिच्या शेजारी बसली.

"तू जा काकांबरोबर," ओयजमाल म्हणाली.

"तू बसलीस ना? मग मीही बसते."

कोपऱ्यात जमीन चिरली. मी ती चीर माझ्या खाली येताना पाहिली. ओयजमालने मुलीच्या तोंडाकडे बघितलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. ओयजमाल उठली आणि तिचा हात माझ्याकडे आला. मित्रांनो, इतकी भीती मला तंदुरातही वाटली नव्हती. आता तिकडे तो संपला, असंच मला वाटलं.

"खुदा," ती म्हणाली, "त्याच्या येण्याची वेळ तुझ्या हातात आहे. मी ती या खिळ्यावर अडकवून ठेवली होती. माझं चुकलं."

तिने मला उतरवून ओढणीत गुंडाळलं. ट्रक चढण चढत असताना मागे मोठा आवाज झाला. कुणी मागे वळून बघितलं नाही. घर गेलं होतं.

आता आम्ही टेकडीवर रजबच्या एका खोलीत राहतो. मी उशाशी कापडात असते. पहिल्या दिवशी निगीनाने विचारलं, "दादा आला तर आपण इथे आहोत हे त्याला कसं कळेल?"

ओयजमालने माझ्यावरचं कापड नीट केलं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण मला माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही, असं थोडंच आहे."

इस्मतुल्लो अजून आलेला नाही. दारात पाऊल वाजलं की मी अजून घाबरते. पण त्याला सांभाळणारी मी नव्हे, हे आता मला कळलं आहे, आणि त्यामुळे मला थोडी झोप लागते.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. तुमच्या आसपास कुणी वाट बघत बसलं असेल तर आधी त्या माणसाला जपा. मी तुटले तर माझा चुरा चिमण्यांना घाला. तो येईल त्या दिवशी नवं पीठ मळा. लांबून आलेला असेल, भूक लागली असेल त्याला.