एस्तोय माला

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा स्पॅनिशबाई शिकवणीच्या मुलांचे निबंध तपासत बसल्या होत्या. खरं नाव कुणी घ्यायचंच नाही. घरी स्पॅनिश शिकवायच्या, म्हणून सगळ्या इमारतीत त्या स्पॅनिशबाई. बहीण मागच्याच गल्लीतल्या शाळेत दुसरीच्या वर्गावर होती.

“ताई, पटकन सांग. ‘एस्तोय माला’ म्हणजे ‘मी वाईट आहे’च ना?”

“कोण म्हणतंय?”

“अगं, ती नवीन मुलगी. आपली भाषा येत नाही तिला. सकाळी कुणीतरी भिंतीवरच्या चित्रांवर रंग ओतला. मी सगळ्यांना दरडावून विचारलं, तर ही रडत रडत तेच म्हणत सुटली. पोरं खिदळायला लागली, त्यांना वाटलं ‘मला, मला’ करतेय. मी ‘माला’ फोनमध्ये बघितलं, तर ‘वाईट’ आलं. म्हणजे कबूलच केलं की! मोठ्या बाईंनी तिला व्हरांड्यात उभं केलंय.”

“एस्तोय म्हणाली की सोय? नीट आठव.”

“एस्तोय. घोकल्यासारखी तेच म्हणतेय. का गं?”

स्पॅनिशबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सोय माला म्हणजे मी वाईट आहे. एस्तोय माला म्हणजे मला बरं नाहीये! आजारी आहे ती! कपाळाला हात तरी लावलास का तिच्या?”

बाईंनी फोन आपटला, पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या.

व्हरांड्यात पोरगी भिंतीला गाल लावून उभी होती. भिंत गार होती ना. बाईंनी जवळ जाऊन स्पॅनिशमध्ये विचारलं, कुठे दुखतंय राणी? तिने आधी डोळे मोठे केले, मग बाईंची ओढणी मुठीत धरली, कानाकडे बोट दाखवलं आणि तुंबलेला नळ सुटावा तशी बोलत राहिली. अंग नुसतं भाजत होतं. बाईंनी तिला उचललं आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं.

बहिणीने तोवर मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. मोठ्या बाई मात्र शांत होत्या. “एका शब्दाचे दोन अर्थ निघाले. त्यात शाळेचा काय दोष?”

“दोन? ढीगभर आहेत! दूध नासलं तरी माला, नशीब फुटकं निघालं तरी माला, खट्याळ पोरीला लाडाने म्हणायचं तरी माला. पण पोर तापाने फणफणलंय हे कळायला स्पॅनिश कशाला लागतं हो?”

तेवढ्यात वडील आले. कारखान्यातून तसेच धावत आले होते, हाताचं ग्रीससुद्धा पुसलं नव्हतं. मुलगी त्यांच्या खांद्याला बिलगली.

“त्यांना सांगा,” मोठ्या बाई म्हणाल्या, “थोडी कणकण होती, आम्ही लगेच कळवलं.”

बहिणीने हळूच कोपर धरलं. “ताई, माझी नोकरी जाईल गं.”

स्पॅनिशबाई घुटमळल्या. सख्खी बहीण, तिच्या घरात कमावणारी ती एकटी. पण त्या पोरीसमोर, तिला कळणाऱ्या भाषेत खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी रंगापासून व्हरांड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

वडिलांनी आवाज चढवला नाही. लेकीच्या केसांतून हात फिरवत ते हळू आवाजात काहीतरी बोलले. सकाळी ती त्यांनाही तेच म्हणाली होती. रजा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी तशीच शाळेत सोडली. आणि त्यांना तर तो शब्द कळत होता.

“काय म्हणाले?” मोठ्या बाई पुढे झुकल्या.

स्पॅनिशबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हे ऐकलं की या बाई उद्यापासून बापाच्या माथी सगळं मारून मोकळ्या होणार.

“तुमच्या कामाचं काही नाही,” त्या म्हणाल्या.

मुलीचा कान आतून पिकला होता. औषधाने हळूहळू उतार पडला. ती परत आली त्या दिवशी बहिणीने भरवर्गात स्पॅनिशमध्ये तिची माफी मागितली; उच्चार भयानक होते, पण मागितली. नोकरी काही गेली नाही. रंग कुणी ओतला ते कळलं नाही, आणि मोठ्या बाईंच्या तोंडून ‘चुकलं’ एवढा शब्द काही निघाला नाही. उलट त्यांनी फर्मान काढलं: बाहेरच्या माणसाने शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

“माझ्याचसाठी आहे ते,” स्पॅनिशबाई बहिणीवर कडाडल्या, “सांग तुझ्या मोठ्या बाईंना, रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही!”

आणि त्या रोज शाळा सुटताना फाटकाबाहेर उभ्या राहू लागल्या. मुलगी बाहेर आली की दिवसभरात काय काय झालं ते तिच्या भाषेत विचारायच्या, तेही मोठ्या बाईंच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.