राजाला खाली उतरवणारी चादर

मित्रांनो, मी एक जुनी लाल चादर आहे. जुनी म्हणा, चालेल. फाटकी म्हणायचं नाही. माझ्या मालकाच्या, लवूच्या वडिलांनी गिरणीत स्वतःच्या साच्यावर, म्हणजे मागावर, मला विणलं. पुढे गिरणीला टाळं लागलं, घर मुंबईतच वाकोल्याला आलं. माझा रंग मात्र उडाला नाही.

इथली आमची कोकणातली माणसं दरवर्षी दशावतार करतात. रंगमंचावर एकच लाकडी बाकडं. त्यावर मला अंथरलं की झालं सिंहासन! आमच्या नाटकातला राजा एका ऋषीला दिलेल्या शब्दापायी राज्य सोडतो. तेव्हा तो स्वतःच्या हाताने मला ओढून काढतो. खाली उघडं लाकूड दिसतं आणि अख्खं पटांगण गप्प होतं. ना फौज, ना लढाई. राजाला मीच चढवते, मीच उतरवते. चाळीस वर्षं तो राजा लवूच आहे.

यंदा लवूच्या मुलाने, सुबोधने, लग्नाच्या हॉलमधली सोनेरी मखमली खुर्ची आणली.

"झकास दिसेल ना, बाबा! ही चादर लादी पुसायला होईल."

लादी! राजाला जमिनीवर बसवणारी मी, आणि बादलीच्या काठावर लोंबत पडले.

रविवारी तालीम झाली. राज्य सोडायची वेळ आली आणि लवूचा हात सवयीने मला शोधू लागला. मी कुठे होते तिथे? त्याने मखमल ओढली. ती खिळ्यांनी ठोकलेली. सगळी खुर्चीच त्याच्या अंगावर आली! पोरं खो खो हसली. लवू कसनुसा उभा राहिला.

त्याची नात निधी म्हणाली, "आजोबा, राज्य गेलं ना? मग खुर्ची कशी राहिली?"

लवूची बायको रत्नप्रभा उठली. तिने मला बादलीवरून उचललं आणि सुबोधच्या अंगावर फेकलं.

"अरे मेल्या, राजाचा राज्य गेला आणि बुडाखाली मखमल तशीच? हांतर ती चादर!"

"आई, जुनी झालीय गं ती."

"जुनी मी पण आसय. माका पण लादी पुसूक लाव!"

सुबोधने बाकडं आणलं.

प्रयोगाला लवूने मला ओढलं, घडी केली आणि शब्द घेणाऱ्या ऋषीच्या पायाशी ठेवली. मग तो जमिनीवर बसला. पटांगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. पडद्याआड सुबोध डोळे पुसत होता.

मित्रांनो, मला थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि कधी उंच जागी बसलात, तर चादरीचं एक टोक उचलून खालचं लाकूड बघत जा. उतरायचं तिथूनच आहे.