उजवी बाही आखूड

"चित्र धुताय म्हणे," टेलरबाई दारातूनच म्हणाली. "मग जरा जोर लावून धुवा. वरचं सगळं जाऊ द्या."

चित्रं दुरुस्त करणारी मुलगी टेबलावर वाकली होती. हातात कापसाचा बोळा, डोळ्यांवर जाड भिंग. संग्रहालयाच्या या मागच्या खोलीत सहसा कुणी फिरकत नसे.

"वरचं म्हणजे काय, काकू?"

"तो लाल झगा. डोक्यावरचं फडकं. आणि ते रडवं तोंड. माझी मुलगी आहे ती. तोंड तिचं नाही."

टेबलावर चित्र आडवं ठेवलं होतं. बाहेरच्या दालनात त्याच्याखाली पाटी असे : 'डोंगराकडील बालिका, पारंपरिक वेशात.' घरी त्या बालिकेला टाचणी म्हणत. अंगानं काडी आणि वर हे एवढं डोकं. शिवणकाम करणाऱ्या आईला दुसरं काय सुचणार?

चित्रकाराला ती रस्त्यात दिसली, तेव्हा अंगात पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर होता आणि पुढचे दात पडलेल्या खिंडारातून ती खिदळत होती. त्यानं तिला तशीच काढलीही. मग मागे सरून बघितलं आणि त्याचं मन भरेना. "हे कुठलंही पोर झालं हो. तुमच्या लोकांचा काही पोशाख नाही का?"

तुमच्या लोकांचा पोशाख म्हणजे कसा, ते टेलरबाईलाच ठाऊक नव्हतं. तिची स्वतःची आई डोंगर उतरली तीच कुणाच्या तरी जुन्या कोटात. पण नाही म्हणायची लाज वाटली. दुपारभर मशीनवर बसून तिनं खिडकीच्या लाल पडद्याचा झगा शिवला, पडद्याची झालर डोक्याच्या फडक्याला लावली. कापड पुरलं नाही, म्हणून उजवी बाही आखूड राहिली. चित्रकार मात्र खूश. त्यानं त्याच चित्रावर तिला झगा चढवला, तोंड मिटवलं, डोळ्यांत पाणी आणलं. "हसरी आहे हो खाली. कुठे जातेय?" असं गमतीनं म्हणाला होता.

थंडी सरायच्या आत टाचणी तापानं गेली. पुढे राहत्या खोलीत पाणी शिरलं आणि पेटीतल्या फोटोंचा लगदा झाला. विचारायला जावं, तर चित्रकारही उरला नाही. आणि हल्ली तर डोळे मिटले की टेलरबाईला पोर दिसे ती लाल झग्यातच, तोंड मिटून. स्वेटरचे पट्टे कोणत्या रंगाचे होते, तेही आठवेना. हे सगळं तिनं उभ्या उभ्याच मुलीला सांगून टाकलं.

"वरचं काढलं तर चित्रच संपलं, काकू," मुलगी समजुतीनं म्हणाली. "लांबून लोक येतात. तुमच्याच समाजातले येतात, समोर उभे राहून रडतात."

"पडद्यासमोर रडतात."

मुलीला हसू आलं, ते तिनं आवरलं. "आता तो पडदा कुठे राहिलाय?"

ते खरंच होतं. शाळेच्या कार्यक्रमांसाठी तो झगा शिवून घ्यायला गिऱ्हाइकं टेलरबाईकडेच येत. एकदा तिनं दोन्ही बाह्या सारख्या केल्या, तर झगा परत आला. 'मावशी, आपल्यात उजवी बाही आखूड असते. एवढं माहीत नाही तुम्हाला?'

"बरं, झगा राहू दे," टेलरबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "फडकंही राहू दे. झगा तुमचा, पाटी तुमची. फक्त तोंड द्या मला. तोंडापुरतं खरवडा. पाया पडते तुमच्या."

ती खरंच वाकली. मुलीनं घाईनं तिचे दंड धरले.

"काकू, माझ्या हातात नाही हो. असतं तरी खालचं शाबूत निघेल याची खात्री नाही. वरचंही जाईल आणि खालचंही. मग काय बघाल?"

टेलरबाई जायला निघेना. शेवटी मुलीनं खिडकीचा पडदा ओढला आणि टेबलावरचा दिवा उचलून चित्राच्या कडेला अगदी खाली, आडवा धरला.

रंगाचे उंचवटे सावल्या टाकू लागले. गळ्याशी एक गोल कड उठली, स्वेटरची. छातीवर पट्टे उठले. आणि मिटलेल्या ओठांच्या भोवती, त्यांच्याहून कितीतरी मोठी, उघड्या तोंडाची कड.

"पट्टे कुठल्या रंगाचे आहेत?"

"रंग नाही दिसत असा, काकू."

टेलरबाईचा हात पुढे गेला.

"हात नका लावू."

तिनं लावला नाही. इस्त्री किती तापली ते बघावं तसा तळवा वर नुसता धरून उभी राहिली, दिवा विझेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुकानात झग्याचं माप द्यायला एक लहानगी आली. तिची आई बाकावर बसून सांगत होती, "उजवी बाही आखूड हवी हं, मावशी." मुलगी स्टुलावर ताठ उभी होती, ओठ घट्ट मिटून.

"इतकी गंभीर का गं?" तिच्या आईनं विचारलं. "एरवी दिवसभर दात काढतेस. मावशींना पडलेले दात दाखव की."

"नाही. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय," मुलगी ओठ न हलवता म्हणाली. "आपली मुलगी हसत नाही."

टेलरबाईच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. त्यातली एक काढून तिनं उजवी बाही वर दुमडली, आणि टोचू नये म्हणून आतून आपलं बोट धरून तिथे लावली.