लाल सोन्याची दृष्ट

हिंगोलीच्या कॉलेजात मी चोवीस वर्षं काचेची भांडी धुते. माझ्या हातून एक बाटली फुटली न्हाई, उगं कोणी बोट दाखवू नये. पण त्या दिशी मी जे केलं, ते आठवलं की अजून काटा येतो अंगावर.

आरोही कुरुंदा गावची पोरगी. इथं संशोधन करती. कामापायी जेवायचं विसरती, मंग मीच माझी अर्धी भाकर तिला चारते. तिनं पाण्यात सोन्याचे इतके बारीक कण केले, की पाणी डाळिंबाच्या रसावानी लाल! मी म्हणलं, "अगं बाई, हे सोनं? सोनार हाकलून दील तुला." खूप हसली.

दोन बाटल्या होत्या. एकीत नुसतं सोनं, दुसरीत सोन्यावर हळदीच्या पानांचा अर्क; पानं तिच्या बापाच्या वावरातली. नव्वद दिवस पाणी लाल राहायला पाहिजे होतं. कण एकमेकांला चिटकले की पाणी निळं पडतं, अन् तीन वर्षांची मेहनत मातीत.

नव्वदाव्या दिशी बाहेरगावचे दोन सर आले. बाटल्या पाहून नुसतं वा-वा करून राहिले. माझा जीव खालीवर. इतकं कौतुक बरं न्हाई! ते गेले. आरोहीनं शेवटचा रंग मोजायला झाकणं काढली अन् शेजारच्या खोलीत मशीन सुरू करायला गेली. मी घरून आणलेली मीठ-मोहरी मुठीत घेतली अन् बाटल्यांवरून ओवाळली. "आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची दृष्ट निघून जाय." मूठ ढिली पडली.

नुसत्या सोन्याचं पाणी डोळ्यांदेखत जांभळं झालं, मंग निळं.

माझी किंकाळी ऐकून आरोही धावत आली. "मावशी, काय पडलं यात?"

खोटं तरी कसं बोलू? तळाशी मोहरी दिसत होती. "मीठ, माय. तुझ्या सोन्याची दृष्ट काढली."

ती निळ्या बाटलीकडं पाहत स्टुलावर बसली. रडली बी न्हाई. मलाच रडू फुटलं. माझी नोकरी जाऊ द्या, पण लेकराचं वाटोळं केलं मी.

मंग तिनं दुसरी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. लाल!

"मीठ हिच्यातबी पडलं?"

"व्हय. दोन्हीत बराबर."

तिनं मला गच्च मिठीच मारली. "मावशी, हळदीनं कण चिटकू दिले न्हाईत! मिठात रंग टिकतो का, ही परीक्षा घ्यायचीच होती, पण माझा हातच धजत नव्हता. किती मीठ पडलं?"

"मी का मोजून दृष्ट काढते?"

"मंग पुन्हा काढा!" तिनं तराजूवर कागद ठेवला, अन् दहा वेळा मला ओवाळायला लावलं. पडलेलं मीठ दर वेळी मोजलं. शेवटी वहीत लिहिलं अन् वाचून दाखवलं. त्यात माझं नाव होतं, आडनावासकट.

मी घाबरले. "पोरी, माझी चूक कशाला लिहून ठेवतीस?"

"चूक न्हाई, मावशी. प्रयोग लिहिलाय. करणाराचं नाव लिहावंच लागतं."