तबकडीवरची राख

"घासायचं नाही, तोयोमी. घाण घासली की पसरते. वरून ओत, वाळू दे, आणि मग एका दमात सोलून काढ. मधे थांबू नकोस."

फुसाएसानचा आवाज इतका हळू की हवेच्या यंत्रांच्या घरघरीत तो ऐकायला मान पुढे न्यावी लागे. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या, आता इस्पितळात कंबरेला पट्टा बांधून पडल्या आहेत. पण मी चिमटा उचलला की तो आवाज अजून कानाशी येतो.

चहाच्या मळ्यांच्या पायथ्याशी आमचा कारखाना. गाण्यांच्या तबकड्या, म्हणजे सीडी, करतो. काचेवर प्रकाशाने बारीक खळगे कोरतात, त्यावर निकेलचा थर चढवतात, आणि तो थर काचेवरून सोडवला की जी पहिली पत्र्याची तबकडी हाती येते, तिला आम्ही बाप म्हणतो. बापावरून आई, आईवरून मुलगे, आणि मुलग्यांच्या ठशावरून दुकानात जाणाऱ्या लाखो तबकड्या. बापाच्या अंगावर एक कण राहिला तर तो सगळ्या नातवंडांच्या अंगावर उमटतो. म्हणून बाप साफ करण्याचं टेबल सगळ्यात आत, हवा सगळ्यात स्वच्छ तिथे. त्या टेबलावर चिकासारखा द्रव ओतायचा, तो वाळून पापुद्रा झाला की कड चिमट्याने उचलायची आणि सोलत न्यायची. घाण पापुद्र्याला चिकटून निघते. हात मधे थांबला की तिथे रेघ राहते. ती रेघ मग गाण्यात खरखरते.

ते टेबल फुसाएसानचं होतं. त्यांच्या नंतर माझं होणार, असं सगळे धरून चालले होते. मी तर धरून चाललेच होते.

मी मनाशी हिशेबही मांडून ठेवला होता. आमच्या घरच्या देव्हाऱ्यात तिघं आहेत, माझी आई, सासूबाई आणि माझे यजमान. लहानपणापासून, आईचं बघून, सकाळी उदबत्ती लावून नाम घ्यायचं, हा माझा नेम. कारखान्यात आले त्या पहिल्याच हिवाळ्यात फुसाएसाननी माझ्या केसांना नाक लावलं आणि म्हणाल्या, "उदबत्ती संध्याकाळी लाव. सकाळी पाणी आणि ताजा भात पुरे." मी घाबरून देवळात विचारायला गेले. भिक्षू हसले. "लावा की संध्याकाळी. मेलेल्यांना कसली घाई?" तेव्हापासून सकाळी मी केस धुते, वाटीभर भात ठेवते, घंटी वाजवते, आणि बिनधुराचं नाम घेते. आईच्या हातची सवय मी त्या टेबलासाठी सोडली.

निरोपाच्या दिवशी जेवणघरात फुसाएसानना फुलं दिली, केक कापला. त्यांनी पिशवीतून आपला चिमटा काढला. टोकं त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेली. मी उभी राहायच्या बेतात होते.

"वाकाना, हा तुझा," त्या म्हणाल्या.

वाकाना आमच्यातली सगळ्यात नवी. उंच, केस कापलेली, जेवणाच्या सुट्टीत सरबताचे डबे पिणारी, देवाधर्माचं काही नाही. ती इतकी लाजली की चिमटा हातातून केकमध्ये पडला. सगळे हसले. मीही हसले.

नंतर फुसाएसान माझ्याजवळ आल्या. "रागावलीस?"

"नाही हो."

"तिचा हात थांबत नाही, तोयोमी. तुझा थांबतो. तू सोलताना मधेच नाम घेतेस. ओठ हलतात तुझे. तिथे रेघ येते."

आता नाम घेतल्याबद्दल कोणी कुणाला बोल लावतं का? आणि ते खरं होतं, याचाच जास्त राग आला.

त्यानंतर मी वाकानाकडे काचेच्या पडद्याआडून बघत असे. माझं टेबल तिच्या शेजारी, तिथे मी मुलगे-तबकड्या साफ करायची. ती कड उचलायची आणि तिचा हात पाण्यावरून सरकावा तसा सरकायचा. कुठे अडखळ नाही. मला वाटायचं, अडखळू दे एकदा. असं वाटल्यावर मी दुपटीने नाम घ्यायची, आणि माझ्या पापुद्र्यावर रेघ यायची.

यजमानांच्या मासिक तिथीला मी मासे-मांस खात नाही. डब्यात मुळा आणि टोफू. जेवणघरातली आत्सुएबाई ओरडायची, "तोयोमीसान, आजही गवत? वाकानाला द्या थोडं, बापाला हात लावते पोरगी, पुण्य लागेल!" वाकाना तोंडात कोंबडी असतानाच मान हलवायची, "मला नको, मी पापीच बरी." सगळ्यांना ती आवडायची. हे सगळ्यात वाईट होतं.

आणि मग बाप खराब निघायला लागले.

आधी एक, मग दुसरा. पापुद्रा अगदी सुंदर निघालेला, रेघ नाही, काही नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली राखाडी कण. आमच्या खात्याचे प्रमुख मोचिझुकीसान, कपाळाला कायम आठ्या, त्यांनी मला बोलावून चित्र दाखवलं.

"धातू नाही, रसायन नाही, कातडीचा कोंडा नाही. जळलेलं काहीतरी आहे. वाकाना सिगारेट ओढते का हो?"

"मला माहीत नाही."

"ती नाही म्हणते. हे बघा, पुढच्या आठवड्यात मोठी ऑर्डर आहे. अजून एक बाप असा निघाला तर तिला पॅकिंगला पाठवतो. टेबल तुम्ही घ्या."

मी मान लववली. बाहेर येऊन हात धुतले, आणि धुताना लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. त्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसले तर यजमानांच्या फोटोकडे बघवेना. पण आनंद काही केल्या जाईना. तो तसाच बसून राहिला, मांडीवरच्या मांजरासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत मी टोपी बांधत होते. वाकाना धापा टाकत आली, उशीर झाला होता, आणि माझ्या पुढून वाकून तिने खुंटीवरून आपला पांढरा अंगरखा घेतला. तिच्या केसांतून वास आला.

लवंगेचा. चंदनाच्या आत दडलेली लवंग.

अशी उदबत्ती आमच्या गावात एकाच दुकानात मिळते, देवळामागच्या. आणि ती एकच बाई घ्यायची. फुसाएसान.

आधी मला कणांचं सुचलंच नाही. सुचलं ते इतकंच, की ही पोरगी फुसाएसानच्या देव्हाऱ्यापुढे बसून आली आहे. मी त्या घराच्या ओसरीपर्यंत गेलेली, चहा पिऊन परत आलेली. आतल्या खोलीत मला त्यांनी कधी नेलं नव्हतं. आत त्यांचे यजमान आणि एक मुलगी आहे, तान्हेपणी गेलेली, एवढंच ऐकून माहीत.

कण मग सुचले. सोलताना पापुद्र्यात वीज भरते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. वाऱ्याच्या कोठडीतून अंग झाडून आलं तरी भुवयांत, केसांच्या मुळाशी काही राहतं. पापुद्रा त्याला ओढून घेतो, आणि ते बापावर पडतं. दारावरच्या फळ्यावर काय काय लिहिलं होतं, पावडर नको, केसांचा फवारा नको, सिगारेट ओढली तर पाणी पिऊन थांबा. उदबत्ती कुणी लिहिली नव्हती. ते तोंडी सांगणारी बाई इस्पितळात होती.

मी गप्प राहिले असते तर टेबल माझं होतं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"वाकाना," मी म्हटलं, "सकाळी कुठे जातेस?"

तिचा हात बाहीतच अडकला. "कुठे म्हणजे?"

"केसांना वास येतोय."

तिने दाराकडे पाहिलं. "तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

"मलाच?"

"तुम्हालाच. म्हणाल्या, तोयोमी नाही म्हणणार नाही, आणि तिच्या घरी आधीच तिघं आहेत. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी किल्ली दिली. त्या परत येईपर्यंत खंड पडू द्यायचा नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून. मला तर नीट मंत्रही येत नाही, तोयोमीसान. मी नुसतं म्हणते, गुड मॉर्निंग, मी वाकाना."

"आणि संध्याकाळी जायला काय झालं?"

"अहो, अंधार पडल्यावर त्या घरात एकटीनं? ती गेलेल्या बाळाच्या नावाची छोटी पाटी आहे तिथे देव्हाऱ्यात. मला भीती वाटते!" आणि मग तिचा चेहरा बदलला. ती माझ्याकडे बघत राहिली. "तोयोमीसान... ते कण?"

मी होकाराची मान हलवली.

ती बाकावर बसली. "मग मला पॅकिंगला पाठवतील."

"पाठवतील."

"पण वचन दिलंय हो मी. त्या दर वेळी विचारतात, लावलीस ना? आणि तुमचं विचारतात. तोयोमीची रेघ गेली का? सारखं तुमचंच. मी सफरचंदं सोलून देते, आणि त्या विचारतात तुमचं." तिच्या आवाजात एक धार होती. ती मी ओळखली. माझ्या घरची होती ती.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

"किल्ली दे," मी म्हटलं.

"का?"

"संध्याकाळी मी लावीन."

"पण वचन माझं आहे."

"चिमटा तुझा आहे. तो तुझ्याकडेच राहू दे. पण तिथे उदबत्ती मी लावणार. तू आत्ता नळाखाली केस-भुवया धू, मगच आत जा, आणि इस्पितळात विचारलं तर सांग, खंड पडला नाही. ते खरंच असेल."

तिने मुठीत किल्ली धरून ठेवली. देताना तिला त्रास झाला, हे मला दिसलं, आणि तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

मोचिझुकीसानना मी जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "फळ्यावर उदबत्ती लिहा. कामाच्या दिवशी सकाळी लावायची नाही. कण थांबतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटातल्या जपमाळेकडे. "अरेच्चा! म्हणजे हे... अहो तोयोमीसान, आधी सांगायचं ना! ठीक आहे. थोडे दिवस तुम्ही बाहेरच्या धुण्याच्या टेबलावर बसा. वाकानापासून लांब."

खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे. मी खोटं बोलले नाही. वाकले आणि बाहेर आले. वाकानाचं नाव सांगितलं असतं तर किल्लीचंही सांगावं लागलं असतं, आणि किल्ली मला कुणाच्या तोंडी जायला नको होती.

आत्सुएबाईला बातमी माझ्याआधी पोचली. "काय हो, तुमचे पितर आमच्या गाण्यात शिंकले म्हणे!" जेवणघर खदखदलं. वाकाना उठायला लागली, तिचं तोंड लाल झालं होतं. मी तिच्याकडे बघून नुसती नकाराची मान हलवली. ती खाली बसली, आणि आपल्या डब्यातला गोड भोपळ्याचा तुकडा तिने माझ्या मुळ्यावर ठेवला. मी तो खाल्ला. फार गोड होता.

दुपारी काचेतून पाहिलं तर तिने बापाची कड उचलली होती. हात सरकत गेला. पापुद्रा प्रकाशात इंद्रधनुष्यासारखा चमकला आणि सबंध निघाला. सूक्ष्मदर्शकावरून मोचिझुकीसाननी मान वर केली आणि बोट वर केलं. स्वच्छ. असा हात मला का नाही? नाम मी घेते, हात तिला.

सुट्टी झाल्यावर मी देवळामागच्या दुकानात गेले. दुकानदाराने न विचारताच लवंगेची पेटी पुढे केली. "फुसाएसान आल्या घरी?"

"अजून नाही," मी म्हटलं. "मी लावते त्यांच्या इथे."

हे वाक्य मी दुकानातून बाहेर पडताना मनात पुन्हा एकदा म्हटलं. मग पेटी सायकलच्या टोपलीत ठेवली, किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोचली. चहाच्या ओळींवर सावली उतरत होती. फुसाएसानचं घर वर, वळणापलीकडे. तिथवर चढ आहे, मधे थांबायला जागा आहे. मी थांबणार नव्हते. सायकल वळवली आणि पायडल मारायला लागले.