सगळ्यांनी यायचं

प्यो ओक-बुन आमच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळायची. दक्षिण कोरियातल्या चांगवॉन शहराच्या त्या कारखान्यात आम्ही गाड्यांच्या वायपरच्या मोटरी बनवायचो. पाळ्या तीन. रात्रपाळीचा माणूस दिवसपाळीवाल्याला फक्त फाटकात भेटायचा.

थंडीच्या तोंडावर योम संचालकांनी तिला बोलावलं. "अख्ख्या कंपनीची सभा घ्यायचीय. एकाच वेळी, एकाच ठिकाणी. स्वयंपाकाच्या बायकासुद्धा."

"जेवणघरात दोनदा घेऊ या ना साहेब, मशिनी बंद ठेवाव्या लागणार नाहीत."

"राहू देत बंद. माणसं एकदा तरी एकत्र बसू देत."

ओक-बुन हरखली. इतकी वर्षं ती हेच मागत आली होती. समुद्राकाठचं लग्नाचं सभागृह तिनं ठरवलं. एका शनिवारी कुणाच्या वडिलांचं श्राद्ध निघालं, दुसऱ्या शनिवारी मुलांच्या परीक्षा. तिनं तारीख दोनदा बदलली. रात्रपाळीवाल्यांची झोप व्हावी म्हणून वेळ दुपारची ठेवली. आमच्यातल्या एका बाळंतिणीला आणायला स्वतःच्या दिराची गाडी ठरवली.

अडला तो एकटा गुक ते-मान, आमच्या युनियनचा पुढारी.

"ताई, मुतायला जायचं तर हे लोक मशीन थांबवू देत नाहीत, आणि आता सगळा कारखाना बंद? माझी चार-सहा माणसं पहाऱ्याला मागं राहतील."

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं रे! त्यांच्या बायका उद्या मलाच विचारतील, आमच्याच नवऱ्याला का वगळलं म्हणून. फाटकावर बाहेरचे पहारेकरी ठेवतायत. मी सांगतेय ना?"

ते-मानची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा साहेबांशी भांडून ओक-बुननंच त्याला रजा मिळवून दिली होती. तो म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणून हं."

सभा रंगली. गोमांसाचं सूप होतं, तांदळाच्या गरम वड्या होत्या. एकाच मशीनवर वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणारे दोघं गळ्यात गळा घालून गायले. फक्त योम साहेब आले नाहीत. ओक-बुननं फोन केला, तर म्हणाले, "वाटेत आहे. कुणाला सोडू नका, गाणी चालू ठेवा." तिनं माईक हातात घेतला आणि स्वतःच गायला लागली.

तिचं गाणं चालू असतानाच ते-मानचा फोन वाजला. कारखान्यासमोरची टोफूवाली ओरडत होती, "अरे, तुमच्या मशिनी ट्रेलरवर घालून चाललेत! कुठे मेलात सगळे?"

आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला नवं कुलूप होतं. ते-माननं भिंतीवरून उडी मारून आतून फाटक तोडलं. मोटरीची तार गुंडाळायची माझी मशीन होती तिथं तेलाचा चौकोनी डाग आणि कापलेले बोल्ट. ओक-बुन दारातच उभी होती, पायात सभेसाठी घेतलेले नवे बूट.

ते-मान तिच्यासमोर येऊन थांबला. "ताई, खरं सांगा. माहीत होतं?"

"आईशप्पथ नव्हतं रे."

"मग तारखा कुणी ठरवल्या? बाळंतिणीलासुद्धा कुणी उचलून आणलं?"



हिवाळाभर आम्ही फाटकापाशी तंबू ठोकून बसलो. ओक-बुन रोज भाताची पातेली घेऊन यायची. कुणी झाकण उघडायचं नाही, आणि ती तशीच परत न्यायची. एकदा रिकाम्या हातानं आली.

"योमचा फोन आला होता. नव्या ठिकाणी कामाला या म्हणाला. म्हणाला, सभा फार नेटकी पार पाडलीत. मी थुंकले त्या नोकरीवर."

ते-माननं मानही वर केली नाही. "जा की मग. नोकरी चांगलीय."

वसंतात आम्ही कंपनीवर कोर्टात लावलेला दावा हरलो. तंबू निघाला, मशिनी आल्याच नाहीत. ओक-बुन योमच्या नव्या कारखान्यात जाऊन साहेबीण झाली, असं ते-मानची बायको अजून सगळ्यांना सांगते. खरं तर ती मासळीबाजारात कालवं फोडत बसते. थंड पाण्यानं तिची बोटं सुजलेली असतात. मला पाहिलं की ती टोपलीतली मोठी कालवं वर काढून ठेवते. मी पलीकडच्या बाईकडून घेते.