परातीतली कावीळ

रविवारी सावळीराम बुवाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इगतपुरीच्या आसपासच्या पाच-सात वाड्यांची कावीळ म्हणे इथेच उतरायची. रोग्याने हाताला बुवाने दिलेला रस चोळायचा, बुवाने वरून चुन्याची निवळी ओतायची, की परातीतलं पाणी पिवळंधमक!

"उतर गं पिवळे, उतर! सुई हरली, निवळी तरली!" सावळीराम ओरडला की बायका हात जोडत.

त्या गर्दीत तृप्ती उभी होती. ग्रामीण रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. गेला आठवडाभर ती एकच केसपेपर पुन्हा पुन्हा वाचत होती, निकिताचा.

निकिता आधी तिच्याकडेच आली होती. बावीस वर्षांची पोर, सातवा महिना, डोळे पिवळे झालेले. तृप्तीने रक्त तपासलं. कावीळ धोक्याच्या पातळीला गेली होती. "बिलिरुबिन चौदा आहे, नाशिकला न्या," म्हणत चिठ्ठी लिहिली.

"म्हंजी काय, बाई?" सासू अक्काबाईने विचारलं.

बाहेर साठ पेशंट ताटकळत होते. "चिठ्ठीत सगळं लिहिलंय, आजी," असं म्हणून तिने पुढचा केसपेपर ओढला.

अक्काबाईला अक्षरओळख नव्हती. ती सुनेला घेऊन इथे आली. दोनदा पाणी गडद पिवळं झालं, तिसऱ्यांदा फिकट. "उतरली!" बुवा म्हणाला. पाचव्या दिवशी निकिताला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं आणि पोटातल्या बाळासकट ती गेली.

तृप्ती पुढे झाली. "बुवा, माझी कावीळ उतरवा."

सावळीराम हरखला. डॉक्टरीणच पायाशी आली, आणखी काय हवं! "लावा रस."

तिने तो फक्त उजव्या हाताला लावला. "आता दोन्ही हात वेगवेगळ्या ताटांत धुवा."

"तसं चालत नाय, मॅडम. कोप व्हतो!"

"मी धुतो," गर्दीत आई अक्काबाईशेजारी उभा असलेला निकिताचा नवरा मनोज पुढे आला आणि त्याने निवळीचा तांब्या हिसकावून घेतला.

उजव्या हाताखालचं पाणी पिवळं झालं. डाव्याखालचं होतं तसंच राहिलं.

"मला अर्ध्याच अंगाला कावीळ झाली का, बुवा?"

कुणीतरी फिसकन हसलं. तृप्ती हसली नाही. तिने घरामागच्या आंब्याकडे बोट दाखवलं. बुंध्याची साल कमरेपर्यंत सोललेली होती. "त्या सालीचा रस आहे हा. चुना लागला की पिवळा होतो. तिसऱ्या वेळी रस कमी दिला की पाणी फिकट."

सावळीराम परात तिथेच टाकून घरात शिरला. अक्काबाई मात्र पुढे आली.

"बाई, हे तवाच का नाय दावलं? त्यानं मला पानी दावलं. तू कागद दिला."

भर अंगणात तृप्ती म्हातारीचे हात धरून ढसाढसा रडली.

कावीळ हा शरीराच्या आतला आजार, तो तळहातातून धुऊन निघत नाही. पुष्कळांची आपोआप बरी होते आणि श्रेय परात लाटते. गरोदर बाईला मात्र तेवढी सवड नसते, तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. पाणी पिवळं दिसलं तर एवढंच विचारा, हाताला आधी काय चोळलं होतं? आणि डॉक्टरहो, कुणी 'म्हंजी काय' म्हणालं तर पेन खाली ठेवा. अक्काबाईने एकदाच विचारलं होतं.